व्होल्टेज आणि करंटवरून काढलेला रेझिस्टन्स किंवा वॅट जुळत नसेल तर काय काय तपासायचं

आधी लक्षणं बघा. यातलं एखादं जरी तुमच्याकडे दिसत असेल तर पुढचं सगळं तुमच्या कामाचं आहे.

- रेझिस्टन्स अपेक्षेपेक्षा बरोब्बर हजार पट लहान किंवा मोठा येतोय
- रंगपट्ट्यांवरून रेझिस्टर ४७ ओहमचा आहे आणि भागाकारात ५२ येतायत
- मीटर व्होल्टेज नीट दाखवतो पण करंट शून्य
- हिशोबाने करंट अगदी बरोबर आहे तरी रेझिस्टर काळा पडतोय
- फिलामेंटवाल्या ६० वॅटच्या बल्बचा रेझिस्टन्स मीटरने मोजला आणि त्यावरून पॉवर काढली तर ती ८०० वॅटच्या वर जाते
- हीटरवर २००० वॅट छापलंय आणि हिशोबात १५०० च भरतात
- मोटरचं व्होल्टेज गुणिले करंट केलं तर वॅटमीटरपेक्षा बराच मोठा आकडा येतो

मी बरीच वर्षं पॉवर सप्लाय, चार्जर, हीटर असलं दुरुस्तीचं काम करतोय, शिकायला येणाऱ्या मुलांच्या वह्याही बघतो, आणि ही एकच अडचण इतक्या वेळा सोडवलीय की आता कोणी "उत्तर चुकतंय" म्हणत आलं की मी वही उघडायच्या आधी विचारतो, व्होल्टेज नक्की कुठल्या दोन टोकांवर मोजलं आणि करंट मोजला तेव्हा ते व्होल्टेज तेवढंच होतं का. बहुतेक वेळा चूक तिथेच सापडते.

सूत्रं दोनच आहेत. व्होल्टेज भागिले करंट म्हणजे रेझिस्टन्स, व्होल्टेज गुणिले करंट म्हणजे पॉवर. बाकीची दोन, म्हणजे करंटचा वर्ग गुणिले रेझिस्टन्स आणि व्होल्टेजचा वर्ग भागिले रेझिस्टन्स, ही या दोघांतूनच निघतात. पण यात एक अट आहे जी पाठ करताना सुटून जाते: व्होल्टेज त्याच भागाच्या दोन टोकांमधलं हवं, करंट त्याच भागातून जाणारा हवा, आणि दोन्ही आकडे एकाच वेळचे, एकाच अवस्थेतले हवेत. खाली जे जे लिहिलंय ते म्हणजे ही अट कुठे कुठे मोडते त्याची यादीच आहे. सोपं आणि फुकटचं आधी, अवघड नंतर.

एकक बघा, याला काही खर्च नाही

उत्तर हजार पटीने हललं असेल तर मीटरला हात लावूच नका, चूक कागदावर आहे. समजा १२ व्होल्टवर ४७० ओहमचा रेझिस्टर आहे. करंट येतो २५.५ मिलीअँप. हाच २५.५ आकडा कोणी अँप धरून भागला तर रेझिस्टन्स ०.४७ ओहम येतो आणि पॉवर ३०६ वॅट. एका नखाएवढ्या रेझिस्टरमध्ये ३०६ वॅट म्हणजे तो क्षणभरही टिकणार नाही, म्हणून उत्तर आलं की आधी ते शक्य तरी आहे का एवढं बघायचं. मिलीअँप हजाराने भागून अँप करा, मग सूत्रात घाला. मी स्वतः वेगळं करतो, व्होल्ट भागिले मिलीअँप केलं की उत्तर थेट किलोओहममध्ये येतं आणि व्होल्ट गुणिले मिलीअँप केलं की मिलीवॅटमध्ये, छोट्या सर्किटला हे फार सोयीचं पडतं आणि शून्यं मोजत बसावी लागत नाहीत.

याच उदाहरणात काळ्या पडणाऱ्या रेझिस्टरचं उत्तरही आहे. खरी पॉवर ०.३०६ वॅट आहे आणि बसवलेला असतो पाव वॅटचा, कारण डब्यात तोच जास्त असतो. करंट बरोबर, ओहम बरोबर, पण पॉवर कोणी काढलीच नाही. रेझिस्टरची वॅट क्षमता हिशोबातल्या आकड्याच्या निदान दुप्पट घ्यायची, इथे मी सरळ एक वॅटचा लावीन.

उलटतपासणी, आणि तिची मर्यादा

खूप जण म्हणतात की तीनही प्रकारे पॉवर काढली, तिन्ही उत्तरं सारखी आली, म्हणजे मोजमाप बरोबर. असं नाहीये. रेझिस्टन्स तुम्ही त्याच व्होल्टेज आणि करंटवरून काढला असेल तर तिन्ही उत्तरं सारखी येणारच, मोजलेले आकडे पूर्ण चुकीचे असले तरी येणार. त्यातून फक्त गुणाकार-भागाकार बरोबर आहे एवढं कळतं. खरी तपासणी करायची तर तिसरा आकडा स्वतंत्र हवा, म्हणजे सप्लाय बंद करून, रेझिस्टरचा एक पाय सर्किटमधून सोडवून, ओहम रेंजवर मोजलेला. पाय सोडवायचा कंटाळा करू नका, कारण आजूबाजूचे भाग पॅरलल, म्हणजे त्याच दोन टोकांना शेजारून जोडलेले, येतात आणि मीटर बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा कमी ओहम दाखवतो. आणि चालू सर्किटवर ओहम रेंज कधीच लावायची नाही, आकडा तर निरर्थक येतोच, वर मीटरही जाऊ शकतो.

प्रोब कुठे लावलेत?

एलईडीचं उदाहरण घेतो कारण याच्यात सगळेच फसतात. ५ व्होल्टचा सप्लाय, सिरीजमध्ये, म्हणजे एकामागे एक, २२० ओहम आणि लाल एलईडी. करंट मोजला तर १३.६ मिलीअँप. आता ५ भागिले १३.६ मिलीअँप केलं की ३६७ ओहम येतात, आणि मग रेझिस्टर खराब आहे असं समजून तो बदलला जातो, नवीन लावला तरी परत ३६७. रेझिस्टरमध्ये काहीच बिघाड नाही. त्या ५ व्होल्टपैकी साधारण २ एलईडीवर पडतायत, रेझिस्टरच्या दोन टोकांवर फक्त ३ आहेत, आणि ३ भागिले १३.६ मिलीअँप म्हणजे २२०. सप्लायचं व्होल्टेज घेतलं की तुम्ही अख्ख्या साखळीचा हिशोब करता, त्या एका भागाचा नाही.

आणि एलईडीचा स्वतःचा "रेझिस्टन्स" काढायच्या मागे लागू नका. २ व्होल्ट भागिले १३.६ मिलीअँप केलं तर १४७ ओहम असा आकडा येतो खरा, पण करंट दुप्पट केला की व्होल्टेज अगदी थोडं वाढतं आणि तोच आकडा जवळजवळ निम्म्यावर येतो. डायोड, एलईडी, ट्रान्झिस्टर यांना एक ठरलेला ओहम नसतो. पॉवर मात्र व्होल्टेज गुणिले करंटने तिथेही अगदी बरोबर निघते, तो गुणाकार डीसीवर कुठल्याही भागाला चालतो.

मीटर बघा

करंट शून्य येत असेल तर सगळ्यात आधी मीटरच्या आतला फ्यूज. मिलीअँपच्या भोकात प्रोब घालून कोणीतरी आधी जास्त करंट मोजलेला असतो, फ्यूज उडतो, आणि व्होल्टेज रेंजला तो फ्यूज लागतच नाही त्यामुळे मीटर वरवर ठणठणीत वाटतो. एका मुलाने या नादात चांगला चालणारा सप्लाय उघडून पूर्ण मोकळा केला होता. मीटर उघडायच्या आधी दोन्ही प्रोब काढा. फ्यूज त्याच रेटिंगचा घाला, तार अजिबात गुंडाळू नका, तो फ्यूज तुमच्या हातासाठी असतो.

मीटरची बॅटरी उतरली असेल तर आकडे चुकतात, आणि साधारणपणे वरच्या बाजूला चुकतात. बॅटरीचं चिन्ह दिसायला लागलं की बदलून टाकायची, त्या आकड्यांवर हिशोब करत बसायचं नाही. एसी-डीसीची निवडही बघा, डीसी रेंजवर एसी लावला की शून्याच्या आसपास काहीतरी येतं आणि तेच वहीत लिहिलं जातं.

करंट मोजून झाला की लाल प्रोब लगेच व्होल्टच्या भोकात परत. हे मी प्रत्येकाला बजावून सांगतो आणि इथेही सांगतो. अँपच्या भोकात प्रोब राहिला आणि तुम्ही व्होल्टेज मोजायला गेलात तर मीटर म्हणजे जवळपास सरळ तारच, थेट शॉर्ट. बॅटरीवर ठिणगी उडते, घरच्या लाईनवर मीटर हातात फुटू शकतो.

लोडवरचं व्होल्टेज घेतलंत की मोकळं?

४७ च्या जागी ५२ ओहम येण्याचं कारण बहुतेक वेळा हेच. ९ व्होल्टची थोडी वापरलेली बॅटरी, मोकळी, म्हणजे लोड (करंट घेणारा भाग) न जोडता, मोजली तर ९.२ व्होल्ट. तिला ४७ ओहमचा ५ वॅटवाला रेझिस्टर जोडला, करंट आला ०.१७७ अँप. आता ९.२ भागिले ०.१७७ म्हणजे ५२. सोनेरी पट्टा म्हणजे ५ टक्के धरला तरी ४७ चा रेझिस्टर फार तर ४९.३५ पर्यंत जाईल, ५२ त्यात बसत नाही. पण रेझिस्टर जोडलेला असताना त्याच्याच टोकांवर मोजा, ८.३ व्होल्ट मिळतील, आणि ८.३ भागिले ०.१७७ म्हणजे ४७ च्या अगदी जवळ. मधले ०.९ व्होल्ट बॅटरीच्या आतच पडतायत, ०.९ भागिले ०.१७७ केलं की बॅटरीचा अंतर्गत रेझिस्टन्स पाचेक ओहम आहे हेही कळतं. म्हणजे ५२ हा आकडा खोटा नव्हता, तो रेझिस्टर अधिक बॅटरी असा दोघांचा मिळून होता.

मला याबद्दल एक गोष्ट फार जवळची वाटते. ज्यांच्या नावाने हा नियम आहे ते गेऑर्ग ओहम यांनाही सुरुवातीला हाच त्रास झाला होता, व्होल्टाच्या पद्धतीच्या बॅटरीचं व्होल्टेज लोडवर स्थिर राहायचं नाही आणि आकडे हलायचे. मग त्यांनी बॅटरी सोडून थर्मोकपल वापरलं, दोन धातूंचे सांधे, एक गरम आणि एक थंड, ज्याचं व्होल्टेज छोटं पण स्थिर आणि अंतर्गत रेझिस्टन्स कमी, आणि तेव्हा कुठे आकडे सरळ बसले. १८२७ मध्ये त्यांनी ते पुस्तकात मांडलं. त्यामुळे तुमचा आकडा बॅटरीमुळे हलत असेल तर वाईट वाटून घेऊ नका, सप्लाय स्थिर करा आणि लोडवर मोजा.

मीटर स्वतःच सर्किट बदलतो

हे फक्त रेझिस्टन्स फार लहान किंवा फार मोठा असेल तेव्हाच बघायचं. फार लहान रेझिस्टन्स असेल तर करंट मोजताना मीटरच्या आतला शंट (करंट मोजायचा छोटा रेझिस्टर), फ्यूज आणि वायर मिळून ओहम-दीड ओहम सहज वाढतो. ३ व्होल्टवर १० ओहम असेल तर ३०० मिलीअँप यायला हवेत, मीटरने दीड ओहम घातला की २६१ येतात आणि हिशोबात ११.५ ओहम. उपाय सोपा आहे, शक्य तितकी मोठी करंट रेंज वापरा, आणि मीटर सिरीजमध्ये असतानाच दुसऱ्या मीटरने भागाच्या टोकांवरचं व्होल्टेज घ्या. ओहम रेंजवर लहान रेझिस्टन्स मोजताना आधी दोन प्रोब एकमेकांना चिकटवून जो आकडा येतो तो वजा करा.

उलट फार मोठा रेझिस्टन्स असेल तर व्होल्टमीटर गडबड करतो. १० व्होल्टवर दोन १ मेगाओहम सिरीजमध्ये लावले तर एकावर ५ व्होल्ट यायला हवेत, पण साधारण डिजिटल मीटर स्वतः १० मेगाओहमचा असतो आणि तो पॅरलल बसला की ४.७६ दिसतात. शे-हजार ओहमच्या कामात हे विसरून जा.

थंड मोजलं की गरम?

बल्बचं कोडं इथे सुटतं. २३० व्होल्टवर ६० वॅट म्हणजे ०.२६१ अँप, आणि पेटलेल्या अवस्थेत रेझिस्टन्स ८८२ ओहम. तोच बल्ब काढून टेबलावर मोजला तर ६०-७० ओहम दाखवतो. ६५ धरून पॉवर काढली की ८१४ वॅट येतात. बल्ब चांगला आहे, मीटर चांगला आहे, फक्त टंगस्टनची तार अडीच हजार अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की तिचा रेझिस्टन्स थंडपेक्षा दहापटीहून जास्त होतो. व्होल्टेज पेटलेल्या बल्बचं आणि रेझिस्टन्स थंड बल्बचा, दोन वेगळ्या अवस्था एका सूत्रात घातल्या. फिलामेंटचे बल्ब बऱ्याचदा चालू करतानाच उडतात त्यामागेही हेच, पहिल्या क्षणी करंट नेहमीच्या कितीतरी पट असतो. (जिथे लाईन १२० व्होल्टची आहे तिथे आकडे बदलतील, हिशोब तोच.)

हीटरच्या नायक्रोम कॉइलला हा प्रश्न जवळपास नसतो, तिचा रेझिस्टन्स गरम झाल्यावर फार थोडाच वाढतो. म्हणून हीटर प्लगमधून काढून, पूर्ण गार करून मोजलेला आकडा हिशोबाला चालतो. २३० व्होल्टला २००० वॅटवाल्या कॉइलचा रेझिस्टन्स २३० गुणिले २३० भागिले २०००, म्हणजे २६.४५ ओहम. तेवढा आला तर कॉइल ठीक. मग १५०० वॅट का भरतात? कारण छापलेले वॅट छापलेल्या व्होल्टेजला असतात. लाईनला २०० व्होल्टच येत असतील तर ७.५६ अँप जातात आणि १५१२ वॅट होतात. व्होल्टेज १३ टक्के पडलं, पॉवर जवळपास २४ टक्के, कारण पॉवर व्होल्टेजच्या वर्गाने चालते. पाणी तापायला वेळ लागतोय म्हणून कॉइल बदलायच्या आधी हे बघा.

एसी आणि मोटर

मोटरच्या वाइंडिंगचा ओहम रेंजवर आलेला आकडा घेऊन करंट काढू नका. ४ ओहमची वाइंडिंग २३० व्होल्टवर म्हणजे ५७ अँप असं उत्तर येतं, प्रत्यक्षात मोटर ५ अँप घेत असते. एसीवर कॉइलचा विरोध फक्त तारेचा नसतो, इंडक्टन्सचाही असतो, म्हणजे कॉइलच्या चुंबकीय क्षेत्रामुळे बदलत्या करंटला होणारा. २३० भागिले ५ केलं तर ४६ ओहम, पण तो इम्पिडन्स, म्हणजे दोन्ही विरोध मिळून; नुसता रेझिस्टन्स नाही. तसंच २३० गुणिले ५ म्हणजे ११५० हे व्होल्ट-अँपिअर झाले, वॅट नाहीत. पॉवर फॅक्टर, म्हणजे व्होल्ट-अँपिअरपैकी खरे वॅट किती याचं प्रमाण, ०.७५ असेल तर खरे वॅट ८६२ च्या आसपास. त्यामुळे वॅटमीटर कमी दाखवत असेल तर वॅटमीटरचंच ऐका.

चार्जर, कॉम्प्युटरचा सप्लाय, डिमर यांच्यात करंट साइन वेव्हसारखा नसतो, तुकड्या-तुकड्यात येतो. साधा मीटर सरासरी मोजून तिला १.११ ने गुणून दाखवतो, ते फक्त साइन वेव्हला बरोबर असतं, चार्जरसारख्या लोडला तो करंट कमी दाखवतो. इथे ट्रू आरएमएस लिहिलेला मीटर लागतो, तो करंटचा आकार कसाही असला तरी खरा आकडा काढतो. क्लॅम्प मीटर वापरत असाल तर जबड्यात एकच वायर घ्या, दोन्ही घेतल्या की एकीचं चुंबकीय क्षेत्र दुसरीला खोडतं आणि शून्य येतं. करंट लहान असेल तर तीच इन्सुलेटेड वायर जबड्यातून दहा वेळा फिरवा आणि आकड्याला दहाने भागा.

इथे थांबा

बॅटरी, अडॅप्टर, ब्रेडबोर्ड इथपर्यंत बिनधास्त करा. घरच्या लाईनचा करंट मात्र मल्टिमीटर सिरीजमध्ये घालून मोजू नका, अनुभव असेल तरी नको. प्लग आणि उपकरणाच्या मध्ये बसणारा वॅटमीटर मिळतो, तो व्होल्ट, अँप, वॅट, पॉवर फॅक्टर सगळं दाखवतो आणि उघड्या वायरला हात लावावा लागत नाही, तेवढ्याने घरगुती हिशोब पूर्ण होतो. मायक्रोवेव्ह उघडू नका, त्याच्या कपॅसिटरमध्ये प्लग काढल्यावरही जीवघेणं व्होल्टेज राहू शकतं. चार्जर किंवा एसएमपीएसच्या (कॉम्प्युटरच्या सप्लायसारख्या स्विचिंग सप्लायच्या) लाईनकडच्या बाजूला २३० वर साधारण ३२५ व्होल्ट डीसी असतं, सवय नसेल तर तेही उघडायचं नाही. थ्री फेज, मेन बोर्ड, विजेच्या मीटरच्या मागचं काहीही, हे वायरमनचंच काम.

आणि एक परिस्थिती अशी की जिथे तुमचा हिशोबच तुम्हाला थांबायला सांगतो. हीटर बंद असताना सॉकेटला २३० व्होल्ट आणि चालू केल्यावर २०५. त्याच २६.४५ ओहमच्या कॉइलमधून ७.७५ अँप जातायत, मग गेलेल्या २५ व्होल्टचं काय झालं? २५ गुणिले ७.७५ म्हणजे १९४ वॅट वाटेत कुठेतरी उष्णता होतायत, आणि वाटेतला रेझिस्टन्स ३.२ ओहम निघतो, जो चांगल्या वायरिंगला फारच जास्त आहे. तो लांबलचक वायरमध्ये किंवा पुरवठ्यातच पसरला असेल तर गोष्ट वेगळी, पण एखाद्या सैल स्क्रूवर किंवा जळक्या सॉकेटमध्ये एकवटला असेल तर तिथे सोल्डरिंग आयर्नपेक्षा जास्त उष्णता होतेय, भिंतीच्या आत. प्लग गरम लागणं, सॉकेट पिवळं पडणं, जळका वास, चालू केल्यावर बाकीचे दिवे मंद होणं, एमसीबी परत परत पडणं, यातलं काहीही असेल तर हीटर बंद करा आणि पुढचं मोजमाप करूच नका.

वायरमनला बोलवाल तेव्हा "हीटर कमी तापतो" एवढंच सांगू नका. लोड नसताना किती व्होल्ट, लोडवर किती व्होल्ट, आणि करंट किती, हे तीन आकडे कागदावर लिहून हातात द्या, सोबत कॉइलचा गार असतानाचा ओहमही. तेवढ्यावरून त्याला कॉइलकडे जायचं की सॉकेट-बोर्डाकडे, हे भिंत न फोडता ठरवता येतं.